वंदनाला मी अंडी सोडायला लावली

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही. हसायचं असेल तिथं खुशाल हसा, मीही हसलेय.

मी लातूरच्या एका शाळेत गणित शिकवते. चाळिशीनंतर पळायला लागले. आधी शुगरच्या भीतीनं, मग — खरं सांगू? — कौतुकाच्या नादानं. गणिताच्या बाई एकवीस किलोमीटर पळतात म्हटल्यावर लोक विचारायचेच, "बाई, खाता तरी काय?" मी म्हणायचे, "ज्वारीची भाकरी, ठेचा, ताक." लोकांना हे उत्तर फार आवडायचं. एका कार्यक्रमात तर मला 'भाकरीवाल्या बाई' म्हणूनच स्टेजवर बोलावलं.

भाकरी मी खायचे, त्यात खोटं नाही. पण पळून झालं की स्टँडमागच्या गाड्यावर चार उकडलेली अंडीही खायचे — रस्त्याकडे पाठ करून, ओढणीआड. मी लांबून दिसले की गाड्यावरचे चाचा सोलायला घ्यायचे. सासूबाईंना अंड्याचं नावही चालत नाही, म्हणून वर मूठभर बडीशेप चावून घरात शिरायचं. मजा यायची हो! चोरून खाल्लेल्या अंड्याची चवच और.

इथवर ठीक होतं. पण वंदनाचं काय?

वंदना रेणापूरकडच्या आरोग्य केंद्रात नर्स. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पाय लांबसडक, मन मोकळं. रविवारी माझ्याबरोबर पळायला लातूरला यायची. दोन-तीन महिन्यांत ती माझ्या बरोबरीला आली, आणि मग — पुढं जाऊन माझ्यासाठी थांबायला लागली. थांबायची! ते थांबणं मला किती टोचायचं, काय सांगू?

एकदा म्हणाली, "ताई, आमच्यात अंडं-मटण समदं चालतंय. तुमी निस्त्या भाकरीवर एवढं पळता. मी बी सोडून बघू का?"

खरं उत्तर द्यायला कितीसा वेळ लागला असता? चाचांचा गाडा दोनशे पावलांवर होता.

मी म्हणाले, "सोडून बघ. अंग हलकं होतंय."

बिंग फुटेल म्हणून म्हणाले? नाही. ती मागं पडावी म्हणून. मला सगळं ठाऊक होतं — पळून पळून स्नायू झिजतात, ते भरून यायला प्रोटीन लागतं, नुसत्या भाकरीनं भागत नाही. वाचूनच तर मी अंड्यांवर गेले होते. आणि वंदना? नर्स असून तिनं शिकलेलं बाजूला ठेवलं आणि माझ्यावर विश्वास टाकला.

काही आठवड्यांनी म्हणाली, "ताई, पाय लई भरून यायलेत. चार-चार दिस उतरत न्हाईत."

मी म्हणाले, "होईल सवय."

नांदेडच्या शर्यतीत सतराव्या किलोमीटरला ती रस्त्याच्या कडेला दिसली — पोटऱ्या धरून बसलेली. मी बघितलं. तिनंही मला बघितलं आणि हात हलवून ओरडली, "पळा ताई, पळा!"

मी पळाले. माझ्या वयोगटात पहिली आले.

पुढची गोष्ट आनंदाची आहे. नांदेडच्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी वंदनाला समोर बसवून समजावलं — प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं. ज्वारीत त्यातलं लायसिन कमी, ते डाळीत चांगलं मिळतं. अंड्यात तर लागणारी सगळीच आम्लं. आणि लांब पळणाऱ्याला बसून काम करणाऱ्यापेक्षा प्रोटीन जास्तच लागतं. वंदना पुन्हा अंड्यांवर आली, दोन्ही वेळा घट्ट वरण खायला लागली. पुढच्या वर्षी तिनं मला असं मागं टाकलं, की मी पोचले तेव्हा ती कपडे बदलून केळं खात उभी होती. माझ्यासाठीही एक ठेवलं होतं. मला आनंद झाला — खरंच झाला.

मागच्या महिन्यात मुलींना पळण्याबद्दल सांगायला आम्ही तिला शाळेत बोलावलं. डाळ, दूध, अंडी — सगळं तिनं झकास समजावलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पर तुमच्या बाईंचं बघू नका, पोरींनो. त्यांचं अंगच न्यारं हाय. मी करून बघितलं, मला न्हाई झेपलं."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.