तिठ्यावरची भाकरी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण ज्या प्रकरणात कुणाला साधा ओरखडाही आला नाही, तेच अजून डोक्यातून जात नाही.

कल्याणजवळच्या एका जुन्या गावात, जिथे आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, एक नेते होते. नगरसेवक म्हणून दोनदा निवडून आले, मग आमदारकीला दोनदा उभे राहिले. दोन्ही वेळा चिन्ह वेगळं आणि दोन्ही वेळा पडले. त्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर ‘भावी आमदार’ वाचून लोक तोंडावर हसायचे.

तिसऱ्या प्रचारात एका सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. नेत्यांच्या प्रचार कार्यालयासमोरच्या तिठ्यावर कुणीतरी करणी करून ठेवली होती आणि गर्दी जमत होती. मी पोहोचलो तेव्हा घोषणा सुरू होत्या.

"साहेब, विरोधक माझ्या जिवावर उठलेत. जादूटोण्याची तक्रार लिहून घ्या!" नेते थरथरत्या आवाजात सांगत होते.

त्यांच्याच माणसाने कानात नाव सांगितलं. विरोधी उमेदवाराचा एक तरुण कार्यकर्ता पहाटे तिथून स्कूटरवर जाताना कॅमेऱ्यात दिसत होता. पंचनामा करून मी त्याला चौकशीला आणलं.

"साहेब, मी दूध आणायला गेलेलो. उद्या बहिणीची हळद हाय. भाऊ करणी करतो असं पसरलं तर नवऱ्याकडचे लग्न मोडतील हो!"

मी खूप दरडावलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडं सुधारून सांगतो. हा मात्र रडकुंडीला येऊन तेच तेच सांगत होता.

दुपारी जप्त केलेल्या वस्तू पुन्हा पाहिल्या. लिंबू, मीठ-मोहरी, सुक्या मिरच्या आणि तेल लावलेली तांदळाची भाकरी. टाचण्या नाहीत, बाहुली नाही. अहो, ही करणी कुठली? हा तर उतारा! लहानपणी मी तापलो की माझी आई असाच माझ्यावरून उतरवून तिठ्यावर ठेवून यायची. करणी वैरी करतो. उतारा घरचं माणूस काढतं आणि ज्याची नजर काढायची त्याला समोर बसवूनच काढतं. कुणाचा उतारा, हे बघायला मी तिठ्याला सर्वांत जवळच्या, म्हणजे नेत्यांच्याच घरी गेलो.

त्यांची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. विचारलं, तर तिने काहीच लपवलं नाही.

"मीच उतरवला, साहेब. दोनदा पडला, तवापासून धड जेवत नाय. माझे पोराला कुनाची तरी नजर लागली, म्हनून पाटावर बसवून उतरवला नि तिठ्यावर ठेवून आले."

म्हणजे नेत्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. चोराच्या उलट्या बोंबा! माझं डोकं भणभणलं. कोठडीच्या दारात बसलेल्या त्या मुलाचं आणि हळदीचं मी म्हातारीला सांगितलं. ती लगेच उठली. "चला, ठान्यात येऊन सांगते."

तिचा जबाब चालू असतानाच नेते धावत आले. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "आईचं वय झालंय, साहेब. भ्रम होतो तिला. काहीही बोलते. लिहून घेऊ नका."

म्हातारीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला म्हणाली, "लिवा, साहेब." आणि जबाबाखाली अंगठा उठवला. मला त्या माणसाची किळस आली.

मुलाला मी लगेच सोडलं, पण तोवर नवऱ्याकडचा निरोप येऊन गेला होता. करणीवाल्यांच्या घरात सोयरीक नको. मी स्वतः त्यांना फोन केला, हात जोडले. ते म्हणाले, "साहेब, तुमचं खरं असेल, पण लोकांची तोंडं कोण धरणार?" खोट्या तक्रारीचा अहवाल वर पाठवला. त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही.

नेते या खेपेला निवडून आले. गुन्हा उघडकीला आणला की पोलिसाचं काम संपतं, असं मी तोवर समजत होतो. खोटं अर्ध्या तासात गावभर जातं. खरं मात्र पोलिसाने स्वतः दारोदार नेलं तरी लोक दार उघडत नाहीत.

विजयाच्या मिरवणुकीला माझा बंदोबस्त होता. गुलालाने माखलेले नेते ओवाळून घ्यायला घरासमोर थांबले, तर दाराला कुलूप. आई कुठे आहे, कुणालाच माहीत नव्हतं. शोधत शोधत मी मागच्या आळीत गेलो. त्या मोडलेल्या हळदीच्या घरी, ओट्यावर म्हातारी बसली होती. शेजारी त्या कार्यकर्त्याची बहीण.

"आजी, तिकडे वाट बघतायत. चला."

"त्याच्या पायी हिची हलद मोडली," ती म्हणाली. "मी त्याला ओवालू कंच्या हातानं?"