चौकातला हात

चौकाच्या मधोमध उभं राहिलं की हात आपला राहत नाही, हे तिला कामावर लागली त्या दिवशीच जमादारांनी बजावून सांगितलं होतं. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही, ओळखीचं कुणी दिसलं तरी हात करायचा नाही. इकडे तू नाक पुसशील आणि तिकडे बसवाल्याला वाटेल, मलाच ये म्हणाली. ट्रॅफिक वॉर्डन झाल्यापासून तिने हे पथ्य कसोशीने पाळलं, आणि त्यापायी निम्मे नातेवाईक रुसवून घेतले. मावससासू तर चारचौघांत म्हणाली होती की सुनेला शिट्टी काय मिळाली, आभाळच ठेंगणं झालं. गाडीतून मी एवढा हात हलवला, पण ढुंकून बघेल तर शपथ. तिने या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं.

घरात तिची बाजू घेणारं माणूस एकच, ते म्हणजे सासरे. उभा जन्म त्यांनी बस चालवण्यात घालवलेला. चौकातला माणूस ओळखीचं हसायला लागला की समजावं, आज कुणाची तरी धडगत नाही, असं ते म्हणायचे. पण अलीकडे त्यांचं डोकं त्यांना सोडून चाललं होतं. मुलाला भाऊ समजायचे, जेवून उठले की जेवायला मागायचे. सुनेला कधी ओळखायचे, कधी ‘कोण पाहिजे तुम्हाला?’ म्हणून अदबीने विचारायचे. पाय मात्र काही विसरले नव्हते. खुर्चीत टेकले की डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. बाबांची गाडी डेपोतच जास्त तापते, अशी घरात थट्टा चालायची.

मध्यंतरी ते न सांगता घराबाहेर पडले, तेव्हा नवऱ्याने दाराला कुलूप लावायचा विषय काढला. तो घरीच शिवणकाम करतो. मशीन सुरू असली की पाठीमागून हत्ती गेला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. कुलपाला आडवी आली ती हीच. ज्यांनी सगळ्या गावाला फिरवून आणलं त्यांना कोंडून घालायचं का, असं तिने नवऱ्याला तोंडावर विचारलं होतं. काही होत नाही, मी बघते, असंही वर म्हणाली होती. बोलताना कुणाच्या तोंडाला कुलूप असतं?

त्या सकाळी चौकातले सिग्नल बंद पडले होते. चार रस्ते आणि तिचे दोन हात. दोन्ही बाजूंची वाहनं तिने सोडली होती, आणि समोरचा उताराचा रस्ता तळवा उभा धरून अडवला होता. तिथे सगळ्यांत पुढे पाण्याचा टँकर होता, काठोकाठ भरलेला. एवढ्यात खिशातला फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. चौकात फोन काढायची सोय नव्हती, आणि या वेळेला तिला कधी कुणाचा फोन येत नसे. कुलूप, एवढा एकच शब्द तिच्या मनात आला.

आणि मग ते तिला दिसलेच. टँकरच्या शेजारी, फुटपाथच्या अगदी कडेवर, घरातल्या सपाता घालून सासरे उभे होते. ते तिच्याचकडे बघत होते.

त्या क्षणी ती वॉर्डन राहिली नाही, नुसती सून झाली. पोर चुलीकडे निघालं की आई जसा हात झटकते, तसा अडवून धरलेला हात तिने खाली केला आणि मागे व्हा, मागे व्हा, म्हणून हलवला. “बाबा!” म्हणून ओरडली, तशी तोंडातली शिट्टी गळून दोरीला लोंबायला लागली. टँकरवाल्याने तो हात बघितला आणि गाडी सोडली. सासऱ्यांनीही तो हात बघितला आणि पाऊल रस्त्यावर टाकलं. मागे व्हा आणि पुढे या, यांत लांबून बघणाऱ्याला कसला फरक दिसणार? ते सरळ टँकरच्या तोंडाशी आले. त्या उंच केबिनमधून नाकाखालचा म्हातारा दिसणं शक्यच नव्हतं.

धावत जावं असं तिला इतकं वाटलं की एक पाय उचललासुद्धा गेला. पण दोन्ही बाजूंनी बसगाड्या सुसाट चालल्या होत्या, आणि ती जागेवरून हलली असती तर चारही रस्ते एकमेकांवर आदळले असते. शिवाय ती पोहोचलीही नसती. तिने शिट्टी चाचपडून तोंडात धरली, छातीत होती नव्हती तेवढी हवा तिच्यात फुंकली आणि हात खांद्यातून ताठ पुढे केला. बोटं जुळलेली, तळवा उभा, जमादारांनी शिकवला होता अगदी तसा.

टँकर करकचून थांबला. वरच्या झाकणातून पाणी उसळलं आणि सासऱ्यांच्या खांद्यावर सांडलं. सासरेही थांबले होते. त्यांचा उजवा पाय रस्त्यावर दाबलेला होता, आणि त्यांच्यात नि टँकरमध्ये वीतभर अंतर होतं.

कोपऱ्यावरचा सायकलदुरुस्तीवाला धावत आला आणि त्यांना ओढायला लागला. ते तसूभर हलेनात. हात दाखवलाय, दिसत नाही का, असं त्यांनी त्यालाच दटावलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. तिने एकेक करून सगळे रस्ते बंद केले, मग त्यांच्याकडे तोंड केलं आणि हात रीतसर स्वतःकडे ओढला. सासऱ्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, डाव्या हाताने हवेतला गिअर टाकला आणि तिच्यापर्यंत आले.

“बाई, तुमचा हात एकदम साफ आहे,” ते म्हणाले. “मघाशी कुणीतरी भलतंच काहीतरी हलवत होतं. मेलो असतो मी. आमची सून हेच काम करते. ती असती ना, तर असं झालं नसतं.”

सायकलवाल्याने त्यांना नेऊन आपल्या स्टुलावर बसवलं. तेवढ्यात नवरा धापा टाकत आला, अनवाणी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. बापाला बघून त्याच्या जिवात जीव आला. मग मान खाली घालूनच त्याने तिला विचारलं, “आणू का गं कुलूप?”

“आण,” ती म्हणाली.

तो बापाशेजारी जाऊन उकिडवा बसला. अडवलेले रस्ते तुंबले होते, सुटायला अजून अवकाश होता. तिने उताराची बाजू सोडली आणि बसगाड्यांना तळवा दाखवला. तिचा हात वर गेला तसा तिकडे स्टुलावर सासऱ्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. हात खाली आला तशी त्यांनी टाच सैल केली. मग प्रत्येक वेळी तसंच. ते मोठ्या भक्तिभावाने तिच्याकडे बघत होते, एखाद्या परक्या, हुशार बाईकडे बघावं तसे.

तिच्या गालांवरून पाणी ओघळून हनुवटीशी आलं. ते पुसायला तिच्याकडे हात नव्हता.