नंदकिशोर आणि तुरीची तिसरी ओळ

बाभुळगाव तालुक्यातल्या आपल्या गावाचा पोलीस पाटील व्हावं, एवढी एकच हौस नंदकिशोरनं आयुष्यभर जपली होती. वय चव्वेचाळीस. पंचेचाळीस उलटली की अर्जच घेत नाहीत, म्हणजे ही परीक्षा शेवटची. इतिहास त्याला तोंडपाठ होता. गाडी अडायची ती बुद्धिमत्तेच्या गणितात.

बारावीतली निकिता बापाची शिकवणी घ्यायची.

"सगळ्या शेळ्या पांढऱ्या आहेत. चंदा शेळी आहे. मंग चंदाचा रंग कोन्ता?"

"कोनाची चंदा? धरमसिंगची त काळी हाये."

"बाबा, धरमसिंगकाका प्रश्नात हाये काय? कागदावर हाये तेवढंच खरं. आपलं वावर घरी ठेवून जात जा."

"बरं माय. पांढरी त पांढरी."

पंधरा दिवसांत त्यानं गावच्या सगळ्या शेळ्या पांढऱ्या केल्या, काळ-कामाच्या गणितातल्या बारा मजुरांना तंबाखूला न थांबता राबवलं. आपण हुशार झालो असं त्याला वाटू लागलं, आणि तिथंच त्यानं माती खाल्ली.

पेपरात प्रश्न आला: एका शेतात सोयाबीनच्या बारा ओळी आहेत. प्रत्येक चार ओळी झाल्यावर तुरीची एक ओळ आहे. तुरीच्या ओळी किती?

बाकीची पोरं बोटं मोजत होती. नंदकिशोरच्या डोळ्यांपुढं हिरवंगार वावर डोलू लागलं. चार, मग तूर. चार, मग तूर. चार, आणि पुढं धुरा, वावराचा बांध. धुऱ्याला लागून तूर कोण पेरतो? रस्त्यानं जाणारी गुरं शेंड्यासकट खाऊन टाकतात. त्यानं मोठ्या रुबाबात 'दोन'चं वर्तुळ काळं केलं.

उत्तर तीन होतं. मोबाईल दुरुस्तीवाला प्रफुल्ल एका गुणानं पाटील झाला.

"बाबा, प्रश्नात धुरा कुठं होता?" निकितानं विचारलं.

"नव्हता. म्या नेला."

"वावर घरी ठेवा म्हनलं होतं ना पोरीनं?" शीला, त्याची बायको, चुलीपासून बोलली.

"ठेवलंच होतं. धुरा तेवढा मागं मागं आला."

दुसऱ्याच्या तोंडून गावभर होण्याआधी त्यानं स्वतःच ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली. माणसं पोट धरून हसली. तेवढ्यात प्रफुल्ल आला.

"काका, पंचनाम्याले तुमाले साक्षीदार बोलावतो."

"नको बाप्पा. बैल चोरीले गेला असंन, अन् मी सांगीन, तो आपल्या मनानं गेला."

पुन्हा हसणं झालं. नंदकिशोर बाकावर सरकला, आणि पोराच्या वयाच्या प्रफुल्लला म्हणाला, "बसा पाटील."