पिस्तुलाची मूठ

पिस्तूल म्हटलं की कोल्हापूरची माझी माणसं अजूनही फोनवर आवाज खाली आणतात. म्हणून आधीच सांगून टाकते. माझं पिस्तूल हवेच्या दाबावर चालतं. त्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पडतं. कागदाखेरीज त्याने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही. पण कायद्याला हे समजावत बसता येत नाही. त्याच्या लेखी ते पिस्तूलच. त्याला नंबर असतो, परवाना असतो, आणि ते मस्कतहून उचलून सीमेपलीकडे यूएईत न्यायचं तर दोन्ही बाजूंची लेखी परवानगी लागते.

परवानगीची कामं ह्यांची. आमचे हे रुसैलच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतात, म्हणजे यंत्रांचे साचे आणि सुटे भाग घडवतात. केसाएवढा फरक राहिला तरी ह्यांना चैन पडत नाही. घरात वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकाच्यासुद्धा दोन झेरॉक्स आहेत. आणि खोटं बोलणं अजिबात जमत नाही. शेजारणीने पाठवलेली खीर कशी झाली, असं तिने सहज विचारलं तरी हे खरं सांगून येतात आणि मग मला महिनाभर तिच्याशी गोड बोलावं लागतं.

मी या नादाला लागले ती ह्यांच्याच कंपनीच्या सहलीत. तिथे नेमबाजीचा एक स्टॉल होता. बायकांना पाच छर्रे फुकट. माझे पाचही काळ्या वर्तुळात गेले. स्टॉल लावणारी ओमानी बाई एका क्लबात प्रशिक्षक होती. तिने कागद उन्हात धरून पाहिला आणि विचारलं, "पहिले कभी किया?" मी म्हटलं, "बहुत साल पहिले." तेव्हापासून दर सोमवारी आणि बुधवारी मी तिच्या हाताखाली आहे. मुलगी पुण्याला शिकायला गेली होती, घर रिकामं होतं, आणि संध्याकाळी मालिका बघण्यापेक्षा हे बरं, असं मी ह्यांना सांगितलं. खरं कारण निराळं होतं, ते पुढे येईल.

वर्षभराने स्वतःचं पिस्तूल घ्यायची वेळ आली. कोचने टेबलावर तीन जुनी पिस्तुलं मांडली. हे खिशातून व्हर्निअर काढून नळी मोजायला लागले. कोचने ह्यांना बाजूला बसवलं आणि मला सांगितलं, डोळे मीट, हात उचल, डोळे उघड. नेम आपोआप कुठे आहे ते बघ. विळी घेताना आपण दुकानातच पाट मांडून बसून बघतो, तसंच हे. पहिलं पिस्तूल उजवीकडे पाहत होतं, दुसरं जमिनीकडे. तिसरं उचललं, डोळे उघडले, आणि ते बरोबर मधोमध पाहत होतं. मला इतका आनंद झाला की मी ते खाली ठेवायलाच तयार होईना. अडचण एकच, त्याची लाकडी मूठ कुणा दांडग्या माणसाच्या हाताची होती. माझी बोटं तिच्यावर पोचत नव्हती.

"मूठ मी करतो," हे म्हणाले.

मग कागदावर माझा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली. एकेक पेर मोजलं, तळव्याचा खळगा मोजला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ह्यांनी माझा हात एवढा वेळ पहिल्यांदाच हातात धरला होता, तोही मिलिमीटरमध्ये. दोन महिने दर शुक्रवारी अल अमेरातच्या आमच्या गॅलरीत अक्रोडाचा ठोकळा आणि कानस. भुसा वाळत घातलेल्या कपड्यांवर. माझी आरडाओरड. शेवटी मूठ तयार झाली, पण हातात दिली ती पिस्तुलाला स्क्रूने बसवूनच. आतून कशी आहे बघू म्हटलं तर म्हणाले, "आतलं काय बघायचं? ते फिटिंग आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी सोडून दिलं. ती हातात इतकी चपखल बसली की मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

आणि मग सीमेपलीकडच्या क्लबाचं पत्र आलं. पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांसाठी शुक्रवारी स्पर्धा. गुरुवारी पाच वाजेपर्यंत पिस्तूल तपासणीला हजर करायचं, उशीर झाला तर नाव रद्द.

आता ते निराळं कारण. कॉलेजात मी एनसीसीत होते आणि रायफल चांगली चालवायचे. राज्याच्या निवड शिबिरासाठी नोटीस बोर्डावर मुलींची यादी लागली, त्यात माझं नाव तिसरं होतं. त्याच आठवड्यात माझं लग्न झालं. मुलगा मस्कतला नोकरीला, रजा तीस दिवसांची, त्यातच बघणं, ठरवणं, बार उडवणं. गुरुजींनी नव्हे, आमचा मुहूर्त ह्यांच्या साहेबाने काढला. मांडवात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. नवं म्हणजे सगळंच नवं. स्वतःचं नाव गेलं, वडिलांचं गेलं, आडनाव गेलं. नोटीस बोर्डावरची ती तिसरी मुलगी तिथेच कुठेतरी राहिली. ह्यांना मी हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदाच सांगितलं होतं, तेही भांडताना. ह्यांनी ऐकून घेतलं होतं, बस. म्हणून या वेळी मला नेमबाजांच्या त्या रेषेवर जाऊन उभं राहायचंच होतं. नंबर येवो न येवो, पोचायचं होतं.

गुरुवारी सकाळी निघालो. पिस्तूल खोक्यात, खोक्याला कुलूप, खोकं साध्या बॅगेत, बॅग डिकीत, वर चकल्यांचा डबा. छर्रे वेगळे, हवेचा सिलिंडर वेगळा. नळीतून भगवी दोरी ओवलेली, आत काही नाही हे दिसावं म्हणून. ह्यांची फाइल मात्र माझ्या मांडीवर, पाटा-वरवंट्याच्या वजनाची. नियम असा की पिस्तूल कुणाला दिसता कामा नये आणि ते सोडून जाताही कामा नये. त्यामुळे सोहारला चहा पाळीपाळीने प्यालो. हे चहा पीत असताना मी गाडीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे इतक्या संशयाने बघत होते की एका म्हाताऱ्याने मलाच सलाम केला.

शिनासच्या पुढे सीमेची चौकी आली. ओमानच्या बाजूचा अधिकारी पन्नाशीचा, पिकली दाढी, इथल्या बऱ्याच जणांसारखं छान हिंदी बोलणारा. फाइल बघून खूश झाला. खोकं उघडलं, दोरी पाहिली, परवाना घेतला आणि म्हणाला, "नंबर दिखाओ."

ह्यांनी पिस्तूल डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, उलटं केलं. आणि ह्यांचा चेहरा उतरला. नंबर होता लोखंडी सांगाड्याच्या मागच्या बाजूला. माझ्या तळव्याला आधार मिळावा म्हणून ह्यांनी लाकूड तिथवर वाढवलं होतं. हजार झेरॉक्स काढणाऱ्या माणसाने नंबरच झाकून टाकला होता.

"मूठ काढा मग," मी म्हटलं. "चावी आहे ना?"

"सेटिंग बिघडेल गं."

"न काढून काय बिघडेल ते दिसतंय का? दोन वाजत आलेत."

जो माणूस शुक्रवारच्या सुट्टीत गंमत म्हणून मिक्सर उघडून बसायचा, तो एका स्क्रूला हात लावेना. कपाळावर घाम. अधिकाऱ्याला तो घाम दिसला आणि त्याचं हसू मावळलं. माझा राग मस्तकात गेला. सव्वीस वर्षांपूर्वी रजा आडवी आली, आता ह्यांचं सेटिंग. मी फाइलच्या खिशातून चावी काढली आणि स्वतः स्क्रू फिरवायला लागले. हे शेजारी उभे राहून पुटपुटत वळसे मोजत होते. मूठ निघाली. नंबर दिसला, परवान्याशी जुळला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात अधिकाऱ्याने मूठ हातात घेऊन उलटी केली. "ये क्या लिखा है?"

आतल्या बाजूला, जिथे लाकूड लोखंडाला टेकतं, तिथे देवनागरीत तीन शब्द कोरलेले होते. वरची रेघ सरळ यावी म्हणून पट्टी लावलेली कळत होती. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझं आडनाव. नोटीस बोर्डावर होतं तसं.

मी काउंटर धरला.

"नाम है, अर्बाब," इकडे साहेबाला म्हणतात तसं हे म्हणाले. "इनका."

अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला. "वही नाम, जो इधर है?"

आता सांगा, त्या इमारतीत देवनागरी वाचणारं आणखी कोण होतं? नुसतं हो म्हटलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला असता. मी काउंटरखाली ह्यांच्या पायावर पाय दिला.

"नहीं," हे म्हणाले. "दूसरा नाम."

"कौन सा वर्ड सेम है?"

"एक भी नहीं."

झालं. अधिकाऱ्याने पिस्तूल स्वतःच्या बाजूला ओढून घेतलं. हे कुणाचं पिस्तूल, कुणासाठी चाललंय, तिसऱ्या माणसाचं नाव आत लपवून का कोरलंय, असे त्याचे प्रश्न. आणि तेही अगदी रास्त. घड्याळात सव्वादोन.

मग ह्यांनी सांगितलं. आयुष्यात मला एकटीला जे कधी सांगितलं नाही, ते त्या थंडगार हॉलमध्ये, पाठीमागे ट्रकवाल्यांची रांग असताना, मोडक्या हिंदीत सांगितलं. "ये लडकी थी, तब बंदूक चलाती थी. सिलेक्शन हुआ था. इसी नाम से. मेरा छुट्टी तीस दिन का था, तो उसी टाइम शादी किया. वो गई नहीं. मैंने नाम बदला, सब बदला. हमारा रिवाज है. वो नाम वापस कैसे देगा? पासपोर्ट में दे नहीं सकता. तो इधर लिखा. ये पिस्तूल उस लडकी का है."

अधिकाऱ्याने मूठ काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "मेरी बीवी का नाम उसके बाप का नाम है. शादी के बाद भी वही. बेटी का भी वही रहेगा. तुम ने बदला, तो उससे पूछा था?"

"नहीं पूछा," हे म्हणाले.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. लाज वाटत नव्हती. त्याने नंबर परत एकदा पाहिला, पासपोर्ट आणि परवाना शेजारी शेजारी ठेवले, आणि शिक्का मारला. "लोहे पर जो लिखा है वो मेरा काम. लकडी पर जो लिखा है वो तुम्हारे घर का. खलास. यल्ला, मॅच के लिए देर हो जाएगा."

ह्यांनी मूठ परत बसवली. साडेतीन वळसे, वर आणखी थोडंसं. वळसे चुकले नाहीत. पलीकडच्या चौकीवर मात्र नंबर बघण्याआधी हे स्वतःच चावी पुढे करून उभे राहिले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने नंबर पाहिला, आतल्या अक्षरांना कुठलीशी नक्षी समजला आणि जाऊ दिलं. तपासणीला पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती.

शुक्रवारी सकाळी मी रेषेवर उभी राहिले. फलकावर पासपोर्टातलंच नाव होतं. माझी त्याच्याशी काही तक्रार नाही. त्या नावाने मी मुलगी वाढवली, परदेशात घर मांडलं, शेजारणींची मनं सांभाळली. पण हात मुठीवर बसला तेव्हा तळव्याखाली काय आहे ते मला माहीत होतं. पहिला छर्रा डावीकडे सात गुणांच्या वर्तुळात गेला. दुसरा नवात. तिसरा दहात, अगदी मधोमध, आणि मी तिथेच हसले. कोच नेहमी सांगते की हसू नकोस, खांदा हलतो. हलला. पुढचा आठ. चौदा जणींत मी पाचवी आले. मला सोन्याचं पदक मिळालं असतं तरी याहून जास्त आनंद कुठे ठेवला असता, कोण जाणे.

परतताना हे चकल्या खात होते. सीमेच्या पाट्या दिसायला लागल्या तशी गाडी हळू केली.

"मागचा भाग घरी गेल्यावर थोडा कापून घेतो," हे म्हणाले. "नंबर उघडा राहील. म्हणजे पुढच्या वेळी मूठ काढावी लागणार नाही."

"काही कापू नका."

"अगं, प्रत्येक वेळी उघडायला लावतील. प्रत्येक वेळी विचारतील हे काय लिहिलंय म्हणून. आत्तासुद्धा विचारतील."

"विचारू देत की," मी म्हटलं. "पुन्हा सांगा."