डायव्हरमामांची कंडक्टर

मामी शेजारी बसल्याशिवाय डायव्हरमामा गाडीची चावी फिरवत नसत. पानपट्टीपर्यंत जायचं असलं तरी मामी हव्यातच. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर, एकही अपघात नाही. म्हणून सगळी गल्ली त्यांना डायव्हरमामा म्हणायची. "डायव्हर कंडक्टरबिगर गाडी हलवीत नसतो," असं म्हणून ते हसायचे. पंच्याहत्तरीतलं हे प्रेम बघून आम्ही भाचरं मामींना चिडवायचो. मामा जाऊन आता वर्ष होईल.

मामींचं तोंड मात्र रस्ताभर चालू. "आवं, मोटारसायकल आली. म्हातारी चालली कडंनं. म्हशी हायत म्होरं." एकदा वैतागून मीच म्हणालो, "मामी, जरा दम घ्या. मामांना दिसत नाही का?" मामी गप्प झाल्या. मामांनी गाडी एकदम हळू केली आणि मामी पुन्हा सुरू झाल्यावरच वेग घेतला. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

डोळे तपासायचं काढलं की मामा उखडायचे. "बत्तीस साल कुनाला खरचटलं न्हाई, अन् तू मला शिकवायलास व्हय?"

एका हिवाळ्यात आम्ही उदगीरहून नांदेडला साखरपुड्याला निघालो. मामींचे गुडघे धरलेले, म्हणून त्या घरीच आणि शेजारी मी. "बोलत ऱ्हा बरं का त्यांच्यासंगं," मामी खिडकीशी येऊन म्हणाल्या. मला वाटलं, झोप लागू नये म्हणून.

जळकोट ओलांडलं तेव्हा अंधारून आलं होतं. समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत होते. मी मोबाइलमध्ये. मान वर केली तर पुढे उसाची ट्रॉली उभी, मागे दिवा नाही, आणि मामांचा वेग तोच. मी ओरडलो. गाडी थांबली तेव्हा उसाचे शेंडे काचेला टेकले होते. ट्रॉलीच्या चाकाशी एक माणूस पाना घेऊन बसला होता. तो आमच्याकडे बघत तसाच बसून राहिला.

मामांनी घाम पुसला. "बोलत का न्हाईस रे? मामी समदं सांगती की."

मी मोबाइल खिशात टाकला.

"घरी सांगू नगंस," मामा म्हणाले. मी सांगितलं नाही. चार दिवसांनी मामींचा फोन आला, गुडघा बरा आहे, सोमवारी दोघं देगलूरला जाऊन येतो म्हणून. माझ्या डोळ्यांपुढून ट्रॉलीच्या चाकाशी बसलेला तो माणूस हलेना. रविवारीच उदगीर गाठलं आणि मामांकडे चावी मागितली.

"भाचा हायस का फौजदार?" मामा कडाडले. मी मान खाली घालून उभा. मामींनी खुंटीवरची चावी काढून माझ्या हातात ठेवली. "धा वर्सं झाली," त्या मामांकडे न बघता म्हणाल्या, "गाडीत मी एकडाव डोळा मिटला न्हाई."



सोमवारी देगलूरला मीच नेलं. गाव सुटायच्या आत मामी मागच्या सीटवर गाढ झोपल्या. मामांनी वळून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात मला विचारलं, "म्होरं काय हाय रे?"

"मोटारसायकल आली, मामा," मी म्हणालो. "म्हशी हायत कडंनं." देगलूर येईपर्यंत मी सांगत राहिलो.