चावीला लटकलेलं घर

आमच्या घरातली ही पहिली गाडी. डॅशबोर्डवर धोक्याचा एकही दिवा न लागता मध्येच बंद पडायची, म्हणून आई तिच्यात बसायला तयार होईना. सरावलीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. "तुमी चालवा," म्हणत तो शेजारी डोळे मिटून बसला. खड्डा आला आणि गाडी बंद पडली. त्याने चावीला लटकलेला जुडगा तळहातावर तोलला. घर, कपाट, आईची मासळीची पेटी, सगळ्या चाव्या त्यातच.

"ह्यो झुलतो नि चावी मागं फिरते. चावीच्या आतला खटका झिजलाय, बदलतो. पन गाडीची चावी एकटी ठेवा. घर आयच्या कमरेला शोभतं!"

त्याचं नाव विचारायचं राहिलं. आई मात्र जुडगा कमरेला खोचून ऐटीत पुढे बसते.