गुलाबी आंबील

मी रत्नागिरीकडची. निजामाचं राज्य गेल्यावर हुलसूरच्या शाळेला मराठी मास्तर हवे झाले, म्हणून नवऱ्याच्या मागोमाग मीही आले, आईनं दिलेली आमसुलांची बरणी मांडीवर घेऊन. भाताशिवाय जेवण नाही आणि माझ्याइतकी स्वच्छ बाई जगात नाही, अशी माझी दोन ठाम मतं होती. पहिलं ज्वारीनं महिनाभरात मोडलं. दुसऱ्यानं मला तोंडघशी पाडलं.

शेजारची अक्का मोठ्या शेतकरी घरातली. बोलायची मराठीत, रागवायची कानडीत. वेळ अमावास्येच्या, म्हणजे इकडच्या रानपूजेच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी तिनं एक मडकं माझ्या चुलीशेजारी आणून ठेवलं.

"उद्याची आंबील हाय, बाई. आमच्या चुलीपाशी जागा न्हाई. सकाळी नेते."

दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं गणगोत शेतात जेवणार होतं. आधी आंबील रानात शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. तिच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, त्या वर्षी पहिल्यांदाच सगळा कारभार अक्काच्या हाती दिला होता. आम्हालाही बोलावणं होतं, गावात आल्यापासूनचं पहिलंच.

पहाटे झाकण काढलं तर वर फेस, आणि आंबट वास थेट नाकात. आमच्याकडची आंबील नाचणीची, केली की गरमगरम प्यायची. बिचारीची नासली, म्हटलं. तिला लाज वाटू नये म्हणून सगळी मोरीत ओतली, मडकं राखेनं खसखसून घासलं आणि पालथं घातलं.

अक्का आली, मडकं बघितलं आणि मटकन खाली बसली.

"कामून सांडलात बाई? रातभर आंबवायला ठिवली होती की! आता अप्पाला काय सांगू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताक आहे का घरात?" मी विचारलं.

"हाय. पर गोड हाय."

ज्वारीचं पीठ शिजवून निववलं, ताक घातलं, लसूण-मिरची ठेचून टाकली. आंबटपणासाठी आईची अख्खी बरणी रिकामी केली. वर्षाची आमसुलं पाण्यात कुस्करून ओतली आणि आंबील गुलाबी झाली! अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. पण बैलगाडी दारात उभी होती.

शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढे अप्पांनी मडक्यात डोकावलं.

"हे काय हाय?"

अक्का खाली मान घालून उभी. मीच पुढे झाले. "चूक माझी आहे, अप्पा. हिची सांडली मी, ही केली पण मीच."

अप्पांनी मडकं हलवून बघितलं. मग सुनेला म्हणाले, "जवारी आपल्याच रानातली हाय न्हवं?"

"व्हय."

"मग रानाला वळख पटंल की."

आणि उभ्या ज्वारीतून गुलाबी आंबील शिंपडत निघाले. परत येऊन तीन वाट्या प्यायले. दुपारपर्यंत मडक्याचा तळ दिसला, उशिरा आलेल्या पाहुण्यांना नुसता वास मिळाला. अक्का सगळ्यांना ऐटीत सांगत होती, "आमच्या बाईनं केलीय." मी तर फुगून भोपळा झाले होते, खोटं कशाला सांगू!

पुढच्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी अक्का तेच मडकं घेऊन आली. आत काहीच नव्हतं.

"औंदा तुमचीच करा. रानात शिंपडायला बी तीच पायजे, अप्पा म्हणायलेत."

मी मडकं घेतलं. घासलं मात्र नाही.